विमानतळावरची तपासणी सगळ्यांना सारखी असते का? आणि तिचा खरंच उपयोग होतो का?

सारखी नसते. राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत झडतीतून सूट असलेल्यांची तर यादीच आहे. ते मोठे लोक, सोडा. आमच्या आबांचं सांगतो.

कोल्हापूरहून त्यांना तिरुपतीला नेलं होतं. वय ऐंशीच्या घरात. धोतर, फेटा, पायात कापशी चप्पल. वाटेतल्या एका विमानतळावर (नाव घेत नाही) आबा चौकटीतून गेले आणि टूंss वाजलं. पुढच्या सरदारजींच्या पगडीवरून जवानाने हातातलं यंत्र फिरवून सोडलं होतं, आणि तेच बरोबर. आबांना मात्र "पगडी उतारो". अख्खा फेटा सोडून ट्रेमध्ये ठेवला, मागची दोन पोरं फिदीफिदी हसत होती. आणि वाजत काय होतं? कमरेचा चांदीचा करदोडा! फेट्याचा गोळा काखेत धरून आबा बोडक्या डोक्याने विमानात बसले. एक शब्द बोलले नाहीत.

थोड्या वेळाने पानसुपारीची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि निवांत सुपारी कातरायला लागले. मला घामच फुटला. फेट्यात धागा धागा बघितला, आणि पिशवीतलं हे लोखंड एक्स-रेखालून सुखरूप आलेलं! माणूस दिसतो कसा यावरच नजर अडकली की असंच होणार.

उपयोगाचं म्हणाल तर ती चौकट धातू ओळखते, स्फोटकं नाही. नियमही घटनेच्या मागून येतात. 1999 ला कंदहारचं विमान अपहरण झालं, मग विमानतळ सीआयएसएफकडे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे) गेले. 2006 ला द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा लंडनचा कट उघड झाला, मग परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या पातळ वस्तूंना 100 मिलीच्या बाटलीची मर्यादा. अमेरिकेत तर 2015 साली बातमी फुटली की गुप्त चाचणीत 70 पैकी 67 वेळा नकली हत्यारं-स्फोटकं आत गेली. तरी तपासणी नको असं म्हणत नाही. कंदहार आठवतंय मला. जवानही तासन् तास उभा असतो. पण फेटा-पदर असेल तर आडोशाला तपासा म्हणून ठणकावून सांगा, गप्प बसू नका. मी बसलो होतो.

आमचे मेव्हणे अजून म्हणतात, "पाव्हणं, म्हाताऱ्याला पँट घालून न्यायचं होतं." पाव्हणं, करदोडा पँटच्या आत पण वाजतो.