ट्रान्सफॉर्मर लावला आणि आवाज घटला

प्रश्न : काका, नमस्कार. बाबांचा जुना टर्नटेबल दुरुस्त करून घेतला आणि त्यावर डेनॉनची डीएल-१०३ ही मुव्हिंग कॉइल (एमसी) कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारा भाग, बसवली. फोनो स्टेजला, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला, मागे एमएम-एमसी (मुव्हिंग मॅग्नेट की मुव्हिंग कॉइल) असा खटका आहे. तो एमसीवर ठेवून ऐकत होतो, ठीक चाललं होतं. मित्राने मध्ये लावायला १:१० चा, व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर दिला, म्हणाला आवाज मोकळा होईल. लावला, तर आवाज आधीपेक्षा बारीक, आणि तानपुरा गोधडीत गुंडाळल्यासारखा. आता १:२० चा घ्यावा का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तूर्त काही घेऊ नका. व्हॉल्यूम पूर्ण खाली करा आणि तो खटका एमएमवर आणा. ट्रान्सफॉर्मर लावल्यावर तो एमसीवरच राहिला असणार, नाहीतर अशी लक्षणं दिसत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहापट करतो, एवढं विकणारा सांगतो. पुढच्या इनपुटचा रोध कार्ट्रिजला शंभरपट लहान होऊन दिसतो, हे मात्र सांगायचं राहून जातं. जितकी पट, तिच्या वर्गाने भागायचं. एमएम इनपुट ४७ हजार ओहमचं असतं; भागिले शंभर, म्हणजे ४७० ओहम. तुमच्या कार्ट्रिजचा स्वतःचा रोध ४० ओहम, तिला हा भार सहज पेलतो. एमसी इनपुट मात्र बहुधा १०० ओहमचं. भागिले शंभर, उरला १ ओहम! ही जवळजवळ शॉर्टच झाली. डीएल-१०३ मुळात देते ०.३ मिलिव्होल्ट, त्यातलं बहुतेक तिच्या कॉइलमध्येच जिरतं, आणि दहापट होऊनही पुढे ०.०७ च्या आसपास पोचतं. ट्रान्सफॉर्मर नसताना याहून तिपटीने जास्त पोचत होतं. वरच्या पट्टीतले स्वर मेले तेही याच भारापायी.

खटका एमएमवर आला की २.७ मिलिव्होल्टच्या पुढेमागे मिळतील. एमएम इनपुटला तेवढं चालतं, फक्त व्हॉल्यूम थोडा वर घ्यावा लागेल. मग अमीर खाँसाहेबांचा एखादा विलंबित लावा आणि गाण्याकडे नको, मागच्या तानपुऱ्याच्या जवारीकडे, तारांच्या त्या झंकाराकडे, कान द्या. जवारी टोचायला लागली तर भार वाढवून, म्हणजे ओहम कमी करून, बघायचा. महाराणी रोडवर १२ किलोओहमचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर मिळतील, ते ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला एकेका चॅनेलवर समांतर जोडा. कार्ट्रिजला साधारण ९५ ओहम दिसतील. व्होल्टेज २.१ वर येईल, ती त्याची किंमत. मला स्वतःला ही कार्ट्रिज थोडी भारलेलीच आवडते. तुमच्या मित्राला ४७० वरच आवडेल, बघा.

१:२० वाईट नाही. एमएमवर तो ११७ ओहम दाखवतो आणि साडेचार मिलिव्होल्ट देतो. पण १:३७ च्या नादी लागू नका : कार्ट्रिजला ३४ ओहम दिसतात, निम्म्याहून जास्त व्होल्टेज आतच मुरतं आणि एवढी पट चढवून हाती येतात जेमतेम पाच.

आणखी एक. ट्रान्सफॉर्मरपासून फोनो स्टेजपर्यंतची तार आखूड ठेवा, अर्धा मीटर पुष्कळ. तिचं कपॅसिटन्सही (वीज साठवून धरण्याचा गुण) कार्ट्रिजला त्याच वर्गाने वाढून दिसतं. घुंई ऐकू आली तर ट्रान्सफॉर्मरची डबी ॲम्प्लिफायरपासून लांब न्या, जागच्या जागी फिरवून बघा. एका विशिष्ट कोनात ती एकदम बसते. अर्थची तार स्क्रूखाली घट्ट आहे ना, हेही पाहा.

प्रश्न : माझी ऑर्टोफोनची टू-एम रेड आहे. टर्नटेबल दुसऱ्या भिंतीला हलवला, तीन मीटरची तार टाकली, आणि तेव्हापासून 'स' 'श' फार चिरचिरतात. सुई गेली का?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : सुई बहुतेक शाबूत आहे, तार नडतेय. कंपनी या मुव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला एकूण १५० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स मागते. साधी शील्डेड तार मीटरला शंभरेक खाते, टोनआर्मची आणि फोनो स्टेजची भर वेगळी; तुम्ही मर्यादेच्या बाहेर गेला आहात. फोनो स्टेज टर्नटेबलशेजारी ठेवा आणि लांब तार त्याच्या पुढे, ॲम्प्लिफायरकडे जाऊ द्या. तिथे ती काही बिघडवत नाही.