घरी कुत्र्याचे केस कापायला शिकताना : कात्रीच्या आधी कंगवा

ऐरोलीहून तुम्ही विचारले आहे की, तुमचा शित्झू (लांब केसांचा छोटा कुत्रा) दहा महिन्यांचा आहे, कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेल्यावर ‘गुंता फार झाला आहे, सगळे केस उतरवावे लागतील’ असे तुम्हाला सांगण्यात आले, आणि आता यापुढे त्याचे सगळे घरीच करायचे असे तुम्ही ठरवले आहे. तर सुरुवात कुठून करावी आणि क्लिपर, म्हणजे केस उतरवायचे यंत्र, कोणता घ्यावा. मी ठाण्यात वाघबीळला राहते. माझ्याकडेही शित्झूच आहे. त्याचे नाव गुंड्या, वय सहा वर्षे, आणि गेली साडेचार वर्षे त्याची आंघोळ, नखे आणि केस मीच करते. या कामाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे लिहीत आहे ते स्वतः चुका करून, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणि कुत्र्यांचे केस-नखे करणाऱ्या एका कसबी ग्रूमरचे काम शेजारी उभे राहून पाहून शिकलेले आहे.

क्लिपरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. पार्लरने सांगितले ते कानाला कठोर वाटले तरी बहुधा खरे असावे. साधारण याच वयात शित्झूच्या पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येऊ लागतात. लॅब्रेडॉरचे गळलेले केस घरभर पडतात, सोफ्यावर दिसतात आणि आपण वैतागतो; शित्झूचे गळलेले केस जमिनीवर न पडता लांब केसांतच अडकून राहतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला कुत्रा छान गुबगुबीत दिसतो आणि आत कातडीलगत गुंता वाढत जातो. या दोन-तीन महिन्यांत रोज विंचरले नाही तर आठवड्याभरात गाठी होतात. यात तुमचा निष्काळजीपणा आहे असे मी म्हणणार नाही. ब्रश तुम्ही फिरवत असालच, पण तो वरच्या थरावरूनच फिरत असणार. माझेही नेमके तेच झाले होते.

गुंड्या सव्वा वर्षाचा असताना, ऐन जुलैमध्ये, त्याच्या काखेत सुपारीएवढी गाठ मला हाताला लागली. पाण्याने ती मऊ होईल अशा समजुतीने मी आधी त्याला आंघोळ घातली. ओला झालेला आणि तसाच वाळलेला गुंता सैल होत नाही, उलट आवळतो. लोकर भिजवून, चोळून नमदा करतात त्याच तत्त्वाने. दुसऱ्या दिवशी ती गाठ अंगाला घट्ट चिकटली होती. मग मी शिवणाची कात्री घेऊन ती कापायला बसले. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि गाठीमुळे ती तंबूसारखी वर ओढली गेलेली असते. केसांत ती दिसतही नाही. मी केस समजून कातडीच कापली. त्याला दोन टाके पडले, आणि पुढचे कित्येक महिने कात्री ठेवलेल्या खणाचा आवाज झाला की तो पलंगाखाली जाऊन बसत असे. त्यामुळे माझा पहिला आणि सर्वांत ठाम सल्ला हाच आहे की गाठ कात्रीने कधीही कापू नये, आणि गाठी सुटल्याशिवाय अंगावर पाणी घालू नये.

आता तुमच्या पिल्लाचे काय करावे, हे ठरवण्यासाठी एक साधी पारख आहे. स्टीलचा कंगवा गाठ आणि कातडी यांच्यामध्ये सरकतो का ते पाहावे. सरकत असेल तर ती गाठ बोटांनी फोडून, थोडे कॉर्नफ्लोअर चोळून, टोकाकडून मुळाकडे हळूहळू सोडवता येते. सरकत नसेल आणि अशा गाठी अंगभर असतील, तर या एका वेळेपुरते केस उतरवून घेणे हेच त्या जिवाला कमी त्रासाचे आहे. ते काम पार्लरला किंवा डॉक्टरांकडे करू द्यावे. नवशिक्या हाताने पहिल्याच दिवशी करण्याचे ते काम नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आखूड केसांच्या कुत्र्यापासून सुरुवात केली तर केसांबरोबर तुमचा हातही वाढत जाईल, आणि मला स्वतःला ही वाट फार सोयीची वाटली असती.

विंचरण्याची रीत मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण घरच्या ग्रूमिंगमधले निम्म्याहून अधिक काम तेच आहे. त्यासाठी दोनच वस्तू लागतात : बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, आणि अर्धे दात विरळ व अर्धे दाट असलेला स्टीलचा कंगवा. कुत्र्याला कुशीवर झोपवून पायाच्या पंजापासून सुरुवात करावी. एका हाताने वरचे सगळे केस उचलून धरावेत, खाली आडवा भांग पाडावा, त्या भांगात कातडी दिसली पाहिजे. तेवढीच एक ओळ ब्रशने खाली विंचरावी, मग हाताखालचे थोडे केस सोडून पुढचा भांग पाडावा. असे थरावर थर घेत पाठीपर्यंत यावे. कोरड्या केसांवर ब्रश चालवला तर केस तुटतात, म्हणून फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि त्यात अगदी थोडे कुत्र्यांचे कंडिशनर घालून हलका शिडकावा करावा. ब्रशचा दाब किती असावा, हे आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर घासून पाहावे. तिथे ओरखडा उठत असेल तर त्याच्या अंगावरही उठतो. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच विंचरणे झाले असे समजावे. ब्रश फसवतो, कंगवा फसवत नाही. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि पट्ट्याच्या खाली गाठी आधी होतात, तिथे रोज बोटे फिरवावीत. हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घालून फिरवत असाल तर घरी आल्यावर तो लगेच काढावा. त्याच्या घर्षणाने काखेतला गुंता फार वाढतो.

तो एका जागी बसत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. दहा महिन्यांचे पिल्लू बसणारच नाही. मी वॉशिंग मशीनवर जुनी योगा मॅट अंथरून काम करते, कारण पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि घाबरला की झटापट करतो; मात्र उंचावर ठेवल्यावर एक हात सतत त्याच्या अंगावर असला पाहिजे, आणि गळ्यात दोरी अडकवून क्षणभरही दूर जाऊ नये. पहिले दोन आठवडे फक्त पंजे हातात धरणे, कान उचलून पाहणे, ब्रश अंगाला टेकवणे, आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा देणे, इतकेच करावे. रोज पाच मिनिटे पुरतात. तो जीभ सारखी नाकावरून फिरवू लागला, अवेळी जांभया देऊ लागला, डोळ्यांचे पांढरे दाखवत मान वळवू लागला, किंवा एकदम ताठ होऊन स्तब्ध राहिला, तर त्याला ते नको आहे असे समजावे आणि गुरगुरण्याची वाट न पाहता थांबावे. आमच्या घरी एकाने धरायचे आणि एकाने कापायचे, ही पद्धत आम्ही दोनदा करून पाहिली. त्याने काम लवकर होते, पण पुढच्या वेळी कुत्रा हाती लागत नाही.

आंघोळ तीन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे. आपला शाम्पू वापरू नये. माणसाच्या कातडीचा आम्लपणा अधिक असतो, कुत्र्याची कातडी त्या मानाने उदासीन असते, आणि आपला शाम्पू तिला कोरडी पाडून खाज आणतो. शिकेकाई आणि रिठा यांचा सल्ला तुम्हाला घरातली वडीलधारी माणसे देतील. मलाही सासूबाईंनी दिला होता. शित्झूचे डोळे बाहेर आलेले असतात आणि रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला तर ते प्रकरण महागात पडते, एवढे सांगून मी तो विषय मिटवला. आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते. त्या पाण्याला फेस कमी होतो म्हणून हात शाम्पूच्या बाटलीकडे पुन्हा पुन्हा जातो. तसे न करता शाम्पू मगभर पाण्यात आधी पातळ करून घ्यावा. धुण्यापेक्षा खळबळून काढायला दुप्पट पाणी आणि दुप्पट वेळ लागतो, तो हिशेब बादली भरतानाच करावा. कातडीवर राहिलेला शाम्पू हेच आंघोळीनंतरच्या खाजेचे नेहमीचे कारण असते.

वाळवण्याकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात ठाणे-नवी मुंबईत अंगावरचा सदरा वाळत नाही, तिथे दोन थरांचे केस आपोआप वाळतील ही आशा धरू नये. ओल कातडीशी राहिली की बुरशी आणि ओले चट्टे सुरू होतात. आधी सुती पंचाने दाबून पाणी टिपावे. टॉवेलने खसाखसा पुसले तर पुन्हा गुंता होतो. मग ड्रायर थंड किंवा अगदी कोमट हवेवर ठेवून, वीतभर अंतरावरून, ब्रशने विंचरतच वाळवावे. शित्झूचे नाक चपटे असल्यामुळे त्याला उष्णता सहन होत नाही. तो धापा टाकू लागला तर ड्रायर बंद करून पंख्याखाली बसू द्यावे. पावसात फिरून आल्यावर पूर्ण आंघोळीची गरज नसते. पंजे धुऊन, बोटांमधले कोरडे करणे पुरेसे असते. त्याच वेळी बोटांच्या बेचक्यात आणि कानांच्या आत गोचीड आहे का ते पाहावे. आम्ही येऊरच्या जंगलालगत राहतो, त्यामुळे ही सवय आम्हाला सक्तीने लागली. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल किंवा पेटलेली काडी यांचा प्रयोग करू नये. गोचिडीच्या चाव्यातून येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून मानेवर टाकायचे औषध किंवा गोळी डॉक्टरांकडून घ्यावी, आणि औषध मानेवर टाकायचे असेल तर त्याच्या आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये.

नखांविषयी थोडक्यात लिहिते. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापावे. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून तांदळाएवढे कापत जावे आणि कापलेल्या जागी मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की थांबावे. शीर कापली गेलीच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून काही मिनिटे धरावे, रक्त थांबते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ते झिजत नाही आणि वळून मांसात रुतते; ते विसरू नये. कानात कापसाची काडी घालू नये. शेपटीखालच्या ग्रंथी पिळण्याचे काम डॉक्टरांसाठी सोडावे.

आता क्लिपर. माणसांचा दाढीचा ट्रिमर या केसांत अडकतो आणि केस ओढतो, म्हणून कुत्र्यांसाठीचा, कमी आवाजाचा आणि ब्लेड बदलता येणारा क्लिपर घ्यावा. ब्लेडच्या आकड्यांचा हिशेब उलटा असतो : आकडा जितका मोठा, तितके केस आखूड राहतात. १० नंबरचे ब्लेड सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते, ७ नंबरचे सुमारे तीन आणि ५ नंबरचे सहाच्या आसपास. पोट, जांघ आणि पंजाच्या तळव्यासाठी १०, अंगासाठी ५ किंवा ४, इतके मला आजवर पुरले आहे. अंगासाठीचे ब्लेड आकड्यापुढे ‘एफ’ हे अक्षर असलेलेच घ्यावे; त्याचे दात सारख्या लांबीचे असतात. एकाआड एक लांब-आखूड दातांचे ब्लेड कातडीची घडी पकडते, ते नवशिक्यासाठी नव्हे. क्लिपर केसांच्या वाढीच्या दिशेने, अंगाला सपाट टेकवून चालवावा, टोकाने खुपसू नये. आणि दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, कारण ते इतके तापते की अंग भाजते. काखेत आणि मागच्या पायाच्या घडीत कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी. कानाचे केस कापताना पाळी कुठे संपते ते बोटांच्या चिमटीत धरून, बोटांच्या बाहेरचेच केस कापावेत.

उन्हाळा आला म्हणून कुणी पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हरवर हा क्लिपर चालवत असेल तर त्याला थांबवावे. त्यांचा वरचा थर उन्हापासून बचाव करतो, आणि पॉमेरेनियनचे केस एकदा उतरवल्यावर काही वेळा पुन्हा नीट येतच नाहीत.

गुंड्याचे पूर्ण अंग एका बैठकीत कापायला मला पाच महिने लागले. त्याआधी शनिवारी एक पाय, रविवारी दुसरा, असेच चालले होते, आणि त्या काळात तो समोरून एक व मागून वेगळाच कुत्रा दिसत असे. आमच्या वॉचमनकाकांनी एकदा गंभीरपणे विचारले होते की अर्धेच पैसे दिले होते का. चेहऱ्याचे केस मी गोल टोकाच्या कात्रीने, कात्रीचे टोक डोळ्यांकडे न येऊ देता, तो पेंगुळलेला असताना दोन-चार वेळा थांबून कापते. कपाळावरचे केस मात्र अजूनही कापलेले नाहीत. ते डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मऊ रबराने त्यांची सैल शेंडी बांधते, रोज सोडून विंचरते आणि पुन्हा बांधते; घट्ट बांधली तर तो पंजाने ओरबाडून काढतो, आणि ते त्याचे बरोबरच आहे.