ए३८० डबल डेकर विमानात इकॉनॉमीवाल्यांना वरच्या मजल्यावरची सीट मिळते का? आई-बाबांसाठी जादा पैसे भरून घ्यावी का?

तुमचा प्रश्न वाचला. आई-बाबा निपाणीचे, साठी ओलांडलेले, पहिल्यांदाच विमानात बसायलेत, बहिणीकडे सिडनीला, बंगळूरहून सुटणार, इकॉनॉमी. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की ए३८० बघा, वरचा मजला एकदम निवांत असतोय. टिळकवाडीत माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे, आता निम्म्या बेळगाव-खानापूर-निपाणीची पोरं बाहेर आणि आई-वडील इकडं, त्यामुळं हा प्रश्न काउंटरवर सारखा येतोय. स्वतः पण वर बसून प्रवास केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पहिला गैरसमज काढू. वरचा मजला म्हणजे पैसे भरले की कुणालाही मिळतो असं नाही. एअरबसनं विमान एकच बनवलं खरं आत सीटा कशा मांडायच्या ते एअरलाईन ठरवते, आणि बहुतेकांनी वरचा मजला फर्स्ट आणि बिझनेसलाच देऊन टाकलाय. बंगळूरहून ए३८० म्हटलं की एमिरेट्स, ऑक्टोबर २०२२ पासून दुबई-बंगळूर यायलंय ते. त्यांच्या नेहमीच्या मांडणीत वर फर्स्टच्या १४ आणि बिझनेसच्या ७६ सीटा, शॉवर काय, बार काय, सगळं तिथंच, आणि इकॉनॉमी पूर्ण खाली. त्यांचं प्रीमियम इकॉनॉमी पण खालीच, पुढच्या भागात. म्हणजे जादा पैसे भरलेला माणूससुद्धा खाली बसतोय बघा. एमिरेट्सकडं फर्स्ट क्लास नसलेली ६१५ सीटांची विमानं आहेत, त्यात वरती मागच्या बाजूला इकॉनॉमी आहे, खरं ते सगळ्या रूटवर नसतं. ओळखायचं कसं, तर बुकिंग करताना त्या फ्लाईटला फर्स्ट क्लास विकायलाच दिसत नसेल तर सीट मॅप उघडून वरचा मजला बघायचा.

सिंगापूर एअरलाईन्सचं तेच. मुळात ए३८० पहिल्यांदा पॅसेंजर घेऊन उडालं ते २५ ऑक्टोबर २००७ ला त्यांचंच, सिंगापूर ते सिडनी, म्हणजे तुमच्या बहिणीच्याच गावाला. आज त्यांच्या ४७१ सीटांपैकी वर ६ सुइट (फर्स्टवाल्यांच्या खाजगी खोल्याच त्या) आणि ७८ बिझनेस, बाकी इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी सगळी खाली. शिवाय बंगळूर ते सिंगापूर वेगळं विमान, ए३८० पुढच्या टप्प्याला. क्वांटासच्या ए३८० मध्ये वर बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी, साधी इकॉनॉमी खालीच.

मग इकॉनॉमी वर आहे कुणाकडं? ब्रिटिश एअरवेजकडं आहे, चांगल्या १०४ सीटा, खरं ती लंडनहून सुटणारी विमानं, तुमच्या कामाची नाहीत. तुमच्या कामाची ती कतार एअरवेज. बंगळूर ते दोहा वेगळ्या विमानानं, आणि दोहा ते सिडनी ए३८० असेल तर वरती बिझनेस आणि लाऊंजच्या मागं इकॉनॉमीची छोटी केबिन आहे, ५६ सीटांची. खाली ४०५ माणसं आणि वर ५६, यातच काय ते समजा. साधारण चौदा तासांचा पल्ला आहे तो.

आता त्या केबिनमध्ये एवढं काय आहे ते सांगतो, कारण लोक "शांत" एवढंच ऐकून येतात. शांत आहेच, खालच्यापेक्षा इंजिनाचा आवाज कमी येतो आणि माणसंच कमी म्हटल्यावर पोरांची रडारड, टॉयलेटची लाईन, जेवणाच्या ट्रॉलीची वाट बघणं, सगळंच कमी. खरं मला विचाराल तर खरी गोष्ट सीटांच्या मांडणीत आहे. खाली एका रांगेत दहा माणसं, तीन-चार-तीन. वरती विमान अरुंद होतं म्हणून आठ, दोन-चार-दोन. खिडकीकडं दोनच सीटा! नवरा-बायको बसले की विषय संपला, तिसरा माणूस नाही. तुमच्या बाबांना शुगर आहे, रात्रीत तीन-चार वेळा उठावं लागतं असं तुम्ही लिहिलंय, तर खाली तीनच्या रांगेत आत बसले की दर वेळी झोपलेल्या अनोळखी माणसाला "एक्स्क्यूज मी" करत उठवायचं आलं, आणि आपली माणसं काय करतात तर उठवत नाहीत, संकोचानं दाबून बसतात, पाणी प्यायचं पण बंद करतात. चौदा तास पाणी न पिता, पाय न हलवता बसणं या वयात चांगलं नाही. दोनच्या सीटमध्ये बाबांना कडेला बसवा, आईला खिडकी द्या, झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे खिडकीखालचा कप्पा. वरच्या मजल्यावर विमानाची भिंत आत वळत येते, म्हणून सीट भिंतीला चिकटवता येत नाही, मध्ये जी जागा उरते तिथं लांबट पेटीसारखे कप्पे केलेत, झाकण वर उचलायचं. आम्ही दोहाहून लंडनला गेलो तेव्हा बायकोनं त्यात शाल, बीपीच्या गोळ्या, चष्म्याचं घर, चिवड्याची पुडी आणि माझी चप्पल पण कोंबली होती, आणि झाकण बंद केलं की वरती पाण्याची बाटली, कप ठेवायला आयती जागा. रात्री डोक्यावरचं कपाट उघडायला उठायचं कामच पडलं नाही. फक्त टेकऑफ आणि लँडिंगला झाकण बंद पाहिजे, एअर होस्टेस येऊन प्रत्येक झाकण हातानं दाबून बघत होती. याची दुसरी बाजू पण ऐका, खिडकी हातभर लांब जाते, भिंतीला डोकं टेकवून झोपायची सवय असेल तर ते जमत नाही, आणि खाली बघायचं तर आईंना वाकायला लागणार. आणि खिडकीकडच्या बाजूचं वरचं कपाट लहान आहे, चाकाची मोठी केबिन बॅग त्यात मावेलच असं नाही, मधल्या चार सीटांवरच्या कपाटात टाकायची.

तुमच्या आईंची शंका मस्त आहे, वरचा मजला बंगळूरच्या स्लीपर गाडीच्या वरच्या बर्थसारखा झुलतो काय म्हणून. नाही झुलत. विमानात हिसके कमी-जास्त लागतात ते पुढं-मागं कुठं बसलाय त्यावर, पंखाजवळ कमी आणि शेपटीकडं जास्त. वर-खालीनं फरक पडत नाही. जिना चढायला लागेल काय ही पण शंका नको, मोठ्या एअरपोर्टवर वरच्या मजल्याला वेगळा एअरोब्रिज (टर्मिनलमधनं विमानाच्या दारापर्यंतचा बंद बोळ) लावतात, सरळ चालत आत. आतला जिना प्रवाशांच्या वर-खाली फिरण्यासाठी नसतोच, क्रू अडवतात. अडचणीच्या वेळी उतरायचं कसं हा प्रश्न पण मला एका मावशींनी विचारला होता, तर वरच्या मजल्याला स्वतःचे सहा दरवाजे आणि घसरगुंड्या आहेत. २००६ मध्ये हॅम्बुर्गला टेस्ट घेतली तेव्हा ८५३ प्रवासी आणि २० क्रू निम्मेच दरवाजे वापरून ७८ सेकंदांत बाहेर पडले होते.

वरची केबिन घेतलीच तर कुठली सीट? पहिली रांग आणि दरवाजाजवळची रांग टाळा. दरवाजाजवळ पाय पसरायला जागा मिळते खरं इमर्जन्सी एक्झिटला वयस्कर आणि व्हीलचेअर मागवलेल्यांना बसवत नाहीत, आणि तिथं खिडकीखालचा कप्पा पण नसतो, मग काय उपयोग. पहिल्या रांगेत बाळांचे पाळणे लागतात आणि ट्रे हँडलमधून काढायला लागतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला तो सापडतच नाही. शेवटची रांग टॉयलेटची. मधल्या दोन-तीन रांगा बघा.

आणि पैसे भरताना एक लक्षात ठेवा की तुम्ही सीटचे पैसे भरताय, विमानाचे नाही. विमान आयत्या वेळी बदलू शकतं. ए३८० आता बनतच नाही, एकूण २५१ दिली गेली, शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला. तर विमान बदललं की वरचा मजलाच गायब, सीट कुठंतरी दुसरीकडं पडते आणि सीटचे पैसे परत मागायला मेलामेली करावी लागते. म्हणून बुकिंगमध्ये एअरक्राफ्टच्या रकान्यात ३८८ दिसतंय काय ते आधी बघा, ३८८ म्हणजे ए३८०, आणि जायच्या आठवड्यात परत एकदा बघा. जोडीनं सीट हवी आणि पैसे भरायचे नाहीत असं असेल तर ऑनलाईन चेक-इन उघडल्या उघडल्या बसायचं, कतार आणि एमिरेट्सचं ४८ तास आधी उघडतं. खरं तोवर दोनच्या जोड्या बहुतेक गेलेल्या असतात, त्यामुळं पहिल्यांदा जाणाऱ्या आई-बाबांसाठी मी तरी आधीच पैसे भरून ठेवतो.

एवढं सगळं सांगून आता माझं मत. तुमच्या जागी मी असतो तर ए३८० च्या मागंच लागलो नसतो. बंगळूर ते सिडनी क्वांटासचं थेट विमान आहे, सप्टेंबर २०२२ पासून, एअरबस ए३३०. एकच मजला, काही भपका नाही, खरं त्यात इकॉनॉमी कशी आहे माहीत आहे काय, दोन-चार-दोन! वरच्या मजल्यावर जी दोन सीटांची जोडी मिळवायला तुम्ही धडपडायलाय ती इथं खिडकीकडं प्रत्येक बाजूला बहुतेक सगळ्या रांगांत आहे. अकरा-बारा तासांत सिडनी. मध्ये दोहा नाही, दुबई नाही, रात्री-अपरात्री गेट शोधणं नाही, इंग्रजीत कुणाला विचारणं नाही. आईंना कन्नड-मराठी सोडून काही येत नाही म्हणता, तर ही एक गोष्ट दहा वरच्या मजल्यांपेक्षा मोठी आहे. खिडकीखालचा कप्पा मिळणार नाही, तो मुद्दा सोडायचा. भाडं कधी कधी जास्त दिसतं, खरं सीटचे जादा पैसे, मधल्या एअरपोर्टवरचा खर्च आणि तुमचा जीव टांगणीला लागतो तो धरला तर फार फरक राहत नाही. वार बघून घ्या, रोज असेलच असं धरून चालू नका.

थेट विमानाच्या तारखा जमल्याच नाहीत तर मग कतारचा वरचा मजला, तो पण दोनची जोडी मोकळी दिसली तरच. आणि एमिरेट्सच स्वस्त पडत असेल तर खालच्या मजल्यावर मधल्या चारच्या रांगेत कडेची आणि तिच्या शेजारची अशा दोन सीटा घ्या, म्हणजे बाबांना उठताना कुणाला उठवायला लागत नाही. काही एअरलाईन्सच्या खालच्या मजल्यावर अगदी शेवटी, शेपूट निमुळती होते तिथं, खिडकीकडं दोनच सीटा दिसतात, टॉयलेटजवळ असतात म्हणून लोक घेत नाहीत, मधुमेहवाल्यांना उलट तीच सोय.

कुठलंही विमान घेतलं तरी दोघांना व्हीलचेअर मागवा, फुकट असते, तिकीट काढतानाच नोंद करायची. बाबा "मला काय झालंय" म्हणून चिडतील, चिडू देत, ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून गेटपर्यंत बरोबर असतो ते महत्त्वाचं. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बंगळूरला विमानानं जाणार असाल आणि ते तिकीट वेगळं काढलं असेल तर डोमेस्टिकला साधारण १५ किलोच सामान नेऊ देतात, इंटरनॅशनलच्या हिशोबानं भरलेल्या बॅगा सांबऱ्यालाच अडतात आणि तिथं किलोमागं पैसे भरताना तोंड बघण्यासारखं होतं. रेल्वेनं किंवा रात्रीच्या गाडीनं जाणं बरं.

आणि बहिणीसाठी कुंदा देणार असाल तर देऊ नका. दुधाची मिठाई भारतातनं ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, उतरल्यावर कार्डावर खाण्याच्या वस्तू लिहून द्यायला लागतात, लपवलं आणि सापडलं तर दंड जबरी आहे. चटण्या, मसाले, पापड जे काही असेल ते एका वेगळ्या पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वरती ठेवा आणि कार्डावर "हो" वर खूण करायला सांगा, दाखवलं की बहुतेक सोडतात.