मोठ्या वणव्याची कारणं आणि परिणाम अभ्यासायचे तर सुरुवात कुठून करावी?

कॉलेजच्या प्रकल्पासाठी एकच वणवा निवडायचा आहे असं तुम्ही लिहिलंय. मी कॅलिफोर्नियातला 2018 चा 'कॅम्प फायर' सुचवेन. आम्ही बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) लोकांनी त्याचा धूर बरेच दिवस खाल्ला, पण सुचवण्याचं कारण वेगळं आहे: त्याची कागदपत्रं भरपूर आणि खुली आहेत.

ठिणगी कशी पडली आणि आग एवढी का पसरली, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा. बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ असते.

ठिणगीचं उत्तर एका लोखंडी आकड्यात सापडतं. 'पीजी अँड ई' या वीजकंपनीच्या जवळजवळ शंभर वर्षं जुन्या वाहिनीच्या मनोऱ्यावर तो तार पेलत होता. वर्षानुवर्षं वाऱ्यात हलून झिजला आणि 8 नोव्हेंबरच्या सकाळी तुटला. तार मनोऱ्याला लागली, वितळलेला धातू खालच्या वाळलेल्या झुडपांवर पडला. तपासनीस अशा जागी उलट माग काढत पोचतात. खोडाची, दगडाची कुठली बाजू जास्त करपली आहे यावरून आगीची दिशा कळते. 2020 मध्ये कंपनीने न्यायालयात मनुष्यवधाचे गुन्हे कबूल केले. आग लागली त्या ब्यूट काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सरकारी वकिलांनी तेव्हा प्रसिद्ध केलेला अहवाल सगळ्यात आधी वाचा, अगदी रहस्यकथेसारखा आहे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र असा एकच गुन्हेगार नाही. शरद ऋतूतला पाऊस आलाच नव्हता, त्यात फेदर नदीच्या दरीतून सोसाट्याचा कोरडा वारा. काही तासांत पॅराडाइज हे गाव गेलं. 85 माणसं मेली, 18 हजारांहून जास्त इमारती जळाल्या. त्यानंतरचे फोटो नीट बघा: घराची राख झालेली आणि शेजारचा पाइन चक्क हिरवा! निखारे उडून घरांवर पडले, मग घरानेच घर पेटवलं. 1997 पूर्वी बांधलेल्या घरांपैकी जेमतेम 11.5 टक्के वाचली, नंतरच्यांपैकी 38.5 टक्के. त्यामुळे याला निव्वळ जंगलाची आग म्हणणं मला पटत नाही.

परिणामांत जळालेल्या क्षेत्रफळावर फार पानं घालवू नका. पाण्याकडे वळा. आगीनंतर गावाच्या नळांत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन सापडलं. पाइपांतला दाब गेला की जळत्या प्लास्टिकची वाफ आणि धूर आत ओढला जातो, शिवाय प्लास्टिकचे पाइप स्वतःही तापून रसायनं सोडतात. लोकसंख्याही पाहा: 2010 च्या जनगणनेत 26 हजारांवर, 2020 मध्ये पाच हजारांच्या आत.