काजू चिकनच्या गावात शाकाहारी आई

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे विद्यापीठात शिकतो. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. तेथे चिनी आणि थाई हॉटेले भरपूर असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे मुलगा म्हणतो. परंतु त्याच्या मित्राच्या आईने अशाच एका हॉटेलात भाज्या घातलेला तोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) मागवला आणि खाऊन झाल्यावर त्यातील रस कोंबडीच्या पाण्यात केलेला असल्याचे त्यांना कळले. अशा ठिकाणी नेमके काय विचारावे? शिवाय टिप किती द्यावी, हेही सांगावे. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण ज्या गावी जात आहात, त्या गावाचे स्वतःचे असे एक चिनी जेवण आहे आणि आपल्या प्रश्नाचे मूळ त्यातच सापडते. 1940 मध्ये चीनमधून अमेरिकेत आलेले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढलेले डेव्हिड लिओंग यांनी 1963 मध्ये स्प्रिंगफील्डमध्ये ‘लिओंग्ज टी हाउस’ हे हॉटेल सुरू केले. ते उघडण्यापूर्वी त्या इमारतीत सुरुंगाचा स्फोट घडवण्यात आला होता, तरीही हे कुटुंब गाव सोडून गेले नाही. गावकऱ्यांना तळलेल्या कोंबडीची आवड आहे हे ओळखून लिओंग यांनी चिकनचे तुकडे परतण्याऐवजी पिठात घोळवून तळले, त्यांवर घट्टसर तपकिरी रस ओतला आणि वरून काजू व कांद्याची पात घातली. हेच स्प्रिंगफील्डचे काजू चिकन. लिओंग 2020 मध्ये निवर्तले, पण हा पदार्थ आज गावातील अनेक चिनी हॉटेलांत मिळतो. मुंबईत जन्मलेले मंचुरियन चीनमध्ये सापडत नाही, म्हणून आपण त्याला खोटे मानत नाही. तोच न्याय या पदार्थालाही लावावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो वरचा रस. त्यात कोंबडीचे उकळलेले पाणी आणि ऑयस्टर सॉस असतो, आणि ऑयस्टर म्हणजे आपल्या कोकणातली कालवे. चिकनऐवजी तोफू घालून दिला, तरी रस बहुधा तोच राहतो, कारण तो सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेला असतो. मित्राच्या आईच्या बाबतीत हेच घडले असावे. त्यात कोणी फसवले असे मानू नये. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचा अर्थ ताटात मांसाचा तुकडा नसणे एवढाच घेणारी माणसे तेथे पुष्कळ आहेत. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का?’ असे न विचारता ‘याचा रस कशात केला आहे?’ असे विचारावे.

थाई हॉटेलात हीच अडचण निराळ्या रूपात येते. खारवलेल्या माशांपासून काढलेला फिश सॉस बऱ्याच पदार्थांत पडतो आणि लाल-हिरव्या करीच्या वाटणात सहसा कोळंबीची पेस्ट असते. परतून केलेल्या नूडल्समधला फिश सॉस आचारी वगळू शकतो, कारण तो अनेकदा कढईतच घातला जातो. करीचे वाटण मात्र आधीच तयार असल्यामुळे त्यातून कोळंबी काढता येत नाही. पॅड थाई या परतलेल्या नूडल्समध्ये अंडे असते, ते आधीच नको म्हणून सांगावे. थाई भाषेत ‘जे’ असा एक शब्द आहे. त्या पद्धतीच्या जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो. हॉटेल थाई कुटुंबाचे असेल, तर हा एक शब्द बरेच काम करून जातो. जपानी मिसो सूपचे पाणी सहसा वाळवलेल्या माशाच्या कीसातून आणि फो या व्हिएतनामी नूडल्स-सूपचे हाडांमधून काढलेले असते, तेव्हा ही दोन्ही टाळलेली बरी.

तळणीचाही विचार करावा. जेथे दिवसभर चिकन तळले जाते, तेथे भाज्यांचे स्प्रिंग रोलही त्याच तेलात पडण्याची शक्यता मोठी असते. आपल्याला ते चालणार नसेल, तर वाफवलेला भात आणि सोया सॉस, आले व लसूण घालून पाण्यावर परतलेला तोफू किंवा भाज्या मागवाव्यात. त्यावर काजू घालून मागितले, तर गावच्या पदार्थाची थोडी चवही मिळेल. मुलाकडून एका कागदावर ‘नो चिकन स्टॉक, नो ऑयस्टर सॉस, नो फिश सॉस, नो एग’ असे इंग्रजीत लिहून घ्यावे आणि तो कागद स्वयंपाकघरात पाठवावा. पहिल्यांदा जाताना गर्दी ओसरल्यावर, दुपारी दीड-दोनच्या सुमारास जावे, म्हणजे आचाऱ्याला नीट उत्तर द्यायला उसंत मिळते. काहीजण अशा वेळी ‘मला ॲलर्जी आहे’ असे खोटेच सांगण्याचा सल्ला देतात, तो कृपया ऐकू नये. ॲलर्जीचे नाव काढताच भांडी, कढई, पळी सारे वेगळे करावे लागते, आणि ज्याला खरोखरच ॲलर्जी आहे त्याच्या शब्दाची किंमत अशाने कमी होते.

टिपबद्दल सांगायचे, तर मेन्यूवरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो बिलात वेगळा लागतो. टेबलावर वाढणाऱ्या माणसाला करापूर्वीच्या रकमेच्या 15 ते 20 टक्के द्यावेत. ही केवळ खुशीची गोष्ट नाही. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याच्या कायद्याने ठरवलेले किमान रोख वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरच आहे. मिसूरीत ते राज्याच्या किमान वेतनाच्या निम्मे असते, म्हणजे तेथेही घर चालते ते टिपवरच. बुफेमध्ये आपले आपण वाढून घेतो, तेथे 10 टक्के पुरेत. एका माणसासाठी आणलेली थाळी बहुधा दोघांना पुरते. उरलेले बांधून मागण्यात तेथे कोणालाही संकोच वाटत नाही, तेव्हा आपणही निःसंकोचपणे डबा मागून घ्यावा.