पहिली बारा इंची रेकॉर्ड मागवण्याआधी

मित्रा, मिनिमल किंवा टेक हाउसची, म्हणजे क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताची, नवी रेकॉर्ड आली की हात शिवशिवतात, ठाऊक आहे. पण आधी दोन्ही बाजू पूर्ण ऐक, तेही हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर बास कळतच नाही. सुरुवातीला बराच वेळ नुसते ड्रम वाजले तर कंटाळू नकोस, आधीच्या गाण्यात हे गाणं मिसळता (मिक्स करता) यावं म्हणून ती डीजेची सोय असते.

परदेशातून एकटी रेकॉर्ड मागवणं महागात पडतं. टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरून हिशोब कर, तीन-चार जण मिळून मागवा.

- वेग लेबलवर बघ, मिनिटाला ३३ फेरे की ४५. चुकीच्या वेगावरही हे संगीत बरं वाटतं. मी आठवडाभर फसलो होतो!
- सुईचा दाब कंपनीने सांगितलाय तेवढाच ठेव.
- रेकॉर्ड उभ्या ठेव. पुण्याच्या एप्रिलमध्ये गाडीत विसरलास तर पापड होईल.

मिक्सिंगचं नंतर बघू.