फाइल समोर दिसतेय, तरी 'नॉट फाउंड' का?

प्रश्न : ताई, मरोळला आमची छोटी कंपनी आहे. सोसायट्यांच्या पंपरूममध्ये टाकीतल्या पाण्याची पातळी कळवणारी पेटी आम्ही बसवतो. आत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ३२ बिट एआरएम बोर्ड असतो. त्यावर मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे सेन्सरचे संदेश घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, चालवायचाय. उबंटू २२.०४ च्या लॅपटॉपवर आर्मएचएफचा (हार्डफ्लोट एआरएमचा) क्रॉस कंपायलर, म्हणजे लॅपटॉपवर बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बनवणारा, वापरून तो बिल्ड केला, एकही एरर आली नाही. बोर्डवर टाकला तर शेल म्हणतो 'नॉट फाउंड'. एलएस केलं की फाइल दिसते, एक्झिक्यूट परमिशनही दिली आहे. मग अडतंय कुठे?
– एक वाचक, अंधेरी पूर्व

उत्तर : फाइल बोर्डला सापडली आहे. सापडत नाही तो तिचा लोडर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम. डायनॅमिक, म्हणजे सुरू होताना लायब्ररी जोडून घेणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये एक पत्ता लिहिलेला असतो : मला सुरू करायचं तर आधी अमुक लोडर उचला. त्या पत्त्यावर काही नसलं की कर्नल 'अशी फाइल नाही' म्हणतो आणि शेल ते तुमच्याच फाइलच्या नावापुढे छापतो. त्यामुळे माणूस तीच फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतो. प्रोसेसरच चुकला असता तर साधारणपणे 'एक्झेक फॉरमॅट एरर' आली असती, म्हणजे तिथे तुम्ही बरोबर आहात.

लॅपटॉपवर त्या फाइलवर 'रीडएल्फ -एल' चालवा. इंटरप्रिटरच्या, म्हणजे लोडरच्या, ओळीत 'एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३' दिसेल. लायब्ररींची यादी देणाऱ्या 'एलडीडी'च्या नादी लागू नका. एआरएमची फाइल दिली की लॅपटॉपवरचं एलडीडी ती डायनॅमिकच नाही असं सांगून मोकळं होतं. आता बोर्डवरचा लिब फोल्डर उघडा. तिथे 'एलडी-मसल'ने सुरू होणारं नाव असेल तर बोर्डवर ग्लिबसी (तुमच्या उबंटूची सी लायब्ररी) नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. 'एलडी-यूसीलिबसी' असेल तर यूसीलिबसी ही तिसरी. नुसतं 'एलडी-लिनक्स.एसओ.३' असेल तर ग्लिबसीच, पण सॉफ्टफ्लोट एबीआयची (फंक्शनला दशांश संख्या वेगळ्या पद्धतीने देणारी), आणि आर्मएचएफचा बिल्ड तिला चालत नाही. ओपनडब्ल्यूआरटीने, म्हणजे राउटरसारख्या उपकरणांसाठीच्या लिनक्सने, २०१५ मध्ये यूसीलिबसी सोडून मसल धरलं, त्यामुळे त्यावर बेतलेलं फर्मवेअर असेल तर मसलच निघण्याची शक्यता जास्त.

मसल निघालं तर कोणीतरी सल्ला देईल : ग्लिबसीच्या लोडरच्या नावाने सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) टाका, चालून जाईल. कृपा करून हे करू नका. कधी लगेच सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम बंद पडतो, तर कधी टेबलावर नीट चालतो आणि पंपरूममध्ये मध्यरात्री कोसळतो. तुमच्या पेटीच्या भरवशावर वॉचमन मोटर चालू करतो. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं, ती वेळ हुकली तर अख्खी बिल्डिंग दिवसभर टँकरची वाट बघते. ज्या बिल्डरूटमधून किंवा ओपनडब्ल्यूआरटीमधून बोर्डचं फर्मवेअर निघालं, त्याचीच टूलचेन (कंपायलर आणि लायब्ररींचा संच) मिळवा. विक्रेता ती देत नसेल तर दुसरा बोर्ड घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोर्डवर आर्मएचएफचं डेबियन लिनक्स टाकलंत तर लोडर जुळेल, पण मग 'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड' समोर येऊ शकतं. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ आवृत्तीत पीथ्रेडची (थ्रेड चालवणारी) लायब्ररी मूळ लिबसीमध्ये विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा व्हर्जन टॅग लागला. तुमच्या उबंटूत २.३५ आहे. तिथे नेहमीच्या पद्धतीने बिल्ड केलेला 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा किमान २.३४ मागतो, आणि बोर्डवर डेबियन ११ असेल तर त्यात आहे २.३१. जुन्या ग्लिबसीवर केलेला बिल्ड नव्यावर चालतो, उलटं होत नाही. म्हणून लॅपटॉपवर डेबियन ११ चा कंटेनर (लॅपटॉपच्या आत वेगळं चालणारं बंदिस्त लिनक्स) घ्या आणि त्यातल्या क्रॉस कंपायलरने बिल्ड करा.

ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी सापडत नाही म्हणून लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा) अडला तर लॅपटॉपचा यूएसआर-लिब फोल्डर त्याला दाखवू नका. तिथल्या लायब्ररी एक्स८६ च्या, लिंकर त्यांना 'इनकम्पॅटिबल' म्हणून वगळणारच. बोर्डच्या लायब्ररी आणि हेडर एका फोल्डरमध्ये आणून तो सिसरूट म्हणून द्या, आणि पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररी शोधून देणाऱ्या टूललाही तिथेच बघायला लावा. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) बंद करून सुटका करून घेऊ नका. पासवर्ड सोसायटीच्या वायफायवर उघडा फिरेल.

एवढं झाल्यावर ब्रोकर सुरू झाला आणि सेन्सर तरीही जोडला गेला नाही, तर पुन्हा कंपाइल करायला धावू नका. डिसेंबर २०२० च्या २.० आवृत्तीपासून मॉस्किटो, कॉन्फिगमध्ये लिसनर (कुठल्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ) दिला नसेल तर, फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच बोर्डवरून आलेलं, ऐकतो. लिसनर दिला की निनावी क्लायंटही आपणहून घेत नाही. १८८३, किंवा टीएलएससाठी ८८८३, हा पोर्ट लिहा, युजर आणि पासवर्डची फाइल जोडा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक जुना सर्व्हर एआरएमवर नेतोय. कॉन्फिगर पार पडतं, लिंक करताना 'आरपीएल_मॅलॉक'चा अनडिफाइन्ड रेफरन्स येतो. सोर्समध्ये हे नावच नाही!
– एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : हे नाव कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फने घातलं आहे. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक (मेमरी मिळवून देणारा फंक्शन) काय परत करतो, हे कॉन्फिगर एक छोटा प्रोग्रॅम चालवून बघतं. क्रॉस कंपाइल करताना तो चालवता येत नाही, म्हणून जुनं ऑटोकॉन्फ वाईट उत्तर, म्हणजे नल, गृहीत धरतं आणि मॅलॉकच्या जागी हा पर्यायी फंक्शन मागतं. कॉन्फिगर चालवण्याआधी 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल' हे व्हेरिएबल, सगळं स्मॉल लेटर्समध्ये, 'यस' करा. ग्लिबसी आणि मसल दोन्हींवर हे उत्तर खरं आहे. बोर्डवर यूसीलिबसी असेल तर ते तिच्या कॉन्फिगरेशनवर ठरतं, तेव्हा चार ओळींचा प्रोग्रॅम बोर्डवर चालवून आधी खात्री करून घ्या.